भ्यायच्या सात गोष्टी

बनसोडे साहेब कुठल्याही अणुवीज केंद्राच्या तपासणीला गेले, की आधी कंट्रोल रूममध्ये जात नसत. तिथे केंद्राचे अधिकारी इस्त्रीच्या शर्टात ताटकळत उभे असायचे, मांडून ठेवलेला चहा निवत असायचा. साहेब मात्र मागच्या अंगाला असलेल्या डिझेलच्या शेडकडे चालू लागत. तिथे खोलीएवढी दोन इंजिनं नुसतीच उभी असत. साहेब एकेका इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ इंजिनाच्या पाया पडताहेत. मी हसू दाबलं, पण ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"ऊन हाय," ते म्हणाले. "बाहेरची लाइट गेली तर ह्याला दम खायला सवड नसती. अंग ऊन असलं तर एका हाकंत उठतंय. थंड असलं तर खोकत बसतंय. आधी हात लाव, मग हस."

मी हात लावला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, साताऱ्याहून मुंबईला येऊन नोकरीला लागलो होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे चालत्या अणुभट्ट्यांवर नजर ठेवणं. भट्टी चालवणारे वेगळे, आम्ही वेगळे. त्यांना परवानगी आमच्याकडून घ्यावी लागे, आणि तपासणीला आम्ही गेलो की त्यांच्या कपाळावर आठी पडे. अणुभट्टीची गंमत अशी, की ती बंद केली तरी लगेच थंड होत नाही. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहावेत, तशी ती कित्येक दिवस तापत राहते. ती थंड ठेवायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि बाहेरची वीज गेली तर ती पुरवायला ही दोन इंजिनं. एरवी ती वर्षभर काहीही करत नाहीत. साहेब म्हणायचे, "म्हणूनच ह्येंचं आन आपलं जमतंय."

साहेब सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे. त्यांच्या वडलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला. त्याआधीपासून ते गावातल्या बागायतदारांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. "विहिरीला शिवायचं न्हाई," साहेब सांगत, "पर विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की बोलावणं आमच्याच घरी. इंजिनाला इटाळ नसतो." हे ते कडवटपणाने सांगत नसत. हवामान सांगावं तसं सांगत. शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनियर झाले, त्यांचं इंग्रजी अहवालात रेखीव असे, पण तोंडची बोली त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. मुंबईच्या कार्यालयात काही जण त्यांच्या मागे त्यांची नक्कल करत. सुरुवातीला मीही हसलो आहे. त्याची मला आज लाज वाटते.

तपासणीसाठी कार्यालयाने एक छापील यादी दिलेली होती. तिच्यात शेकड्यांनी बाबी होत्या आणि प्रत्येक बाबीपुढे एकसारखा चौकोन. आग विझवायच्या पंपापुढे जेवढा चौकोन, तेवढाच कँटीनच्या पाण्याच्या टाकीपुढे. बरोबरचे लोक दोन दिवस त्या चौकोनांत खुणा करत फिरत. साहेबही यादी भरत, नियम तो नियम. पण त्यांच्या खिशात घडी घातलेला एक कागद असे. प्रत्येक केंद्राचा वेगळा. त्यावर त्यांच्या हाताने मराठीत लिहिलेलं असे, 'भ्यायच्या गोष्टी', आणि खाली सात ओळी. डिझेल इंजिनं बहुतेक वेळा पहिली असत.

"सातच का?" मी विचारलं.

"आठवी लिवली की पयलीचं भ्या कमी हुतंय," ते म्हणाले. "समद्याला सारखंच भ्यालं, म्हंजी कशालाच भ्यालं न्हाई बघ. चौकोन भरणारा माणूस कवाच भीत न्हाई."

पुढे परदेशातून धोक्याच्या गणिताची पुस्तकं आमच्याकडे आली. कुठला भाग बिघडण्याचा संभव किती, बिघडला तर पुढे काय, हे सगळं मांडून कशाकडे जास्त लक्ष द्यायचं ते ठरवायचं. मी त्यात डोकं घातलं, संगणकावर रात्रंदिवस आकडेमोड केली, आणि सहा महिन्यांनी मला कळलं, की साहेब खिशात घेऊन फिरायचे तो कागद म्हणजे हेच. हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरं झालं. आता इंग्रजीत आलंय तर साहेब लोक ऐकतील."

ते दमलेले असायचे. वीसेक वर्षं गेस्ट हाउसची पातळ डाळ खाऊन, रेल्वेच्या बाकांवर झोपून त्यांचं अंग आंबून गेलं होतं. त्याहून जास्त ते मनाने थकले होते. "आपलं काम राखणदाराचं," ते म्हणायचे. "चोर आला तर म्हणत्यात, तू काय करत व्हतास? न्हाई आला तर म्हणत्यात, ह्याला पगार कशापायी?" हे ऐकताना मी हसायचो. पाचेक वर्षं त्या नोकरीत गेल्यावर हसायचा थांबलो.

ती पुस्तकं आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात साहेबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. धाकटा भाऊ सांगलीत हळदीच्या पेठेजवळ राहायचा, तिथे ते महिनाभराच्या रजेवर पडून होते. इकडे एका केंद्रातल्या दोन इंजिनांपैकी एक बिघडलं. नियमाप्रमाणे एक इंजिन तीन दिवस बंद राहिलं तर भट्टी थांबवायची. केंद्राने चौदा दिवस मागितले. राज्यात विजेची ओरड चालू होती, गावोगाव भारनियमन होतं, आणि भट्टी थांबू नये असं वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाटत होतं. गणित करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं, आणि चौदा दिवसांत वाढणारा धोका नगण्य आहे असं उत्तर काढलं. माझं पहिलंच मोठं काम. संचालकांनी पाठ थोपटली. त्या केंद्राची जबाबदारी बनसोडे साहेबांकडे असल्यामुळे शिफारशीवर सही त्यांची हवी होती. "तुम्ही तिकडचेच ना," संचालक म्हणाले, "जाऊन या. नुसती सही आणायची आहे."

मी सकाळी साताऱ्यात उतरलो, आईच्या हातचं खाल्लं आणि एसटीने सांगली गाठली. साहेब खाटेवर बसले होते, अर्धे झालेले. पेठेतली हळद घरातल्या खिडकीच्या गजांवरही बसली होती. मी फाईल दिली. त्यांनी माझं गणित पानापानाने वाचलं. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"पयलं इंजिन का बिघडलं?" त्यांनी विचारलं.

"बेअरिंग घासलं."

"ते काय झालं ते सांगितलंस. का झालं?"

"ते अजून कळलेलं नाही. पण दुसरं ठणठणीत आहे साहेब. सुरू करून पाहिलंय."

"दुसऱ्याची बेअरिंगं कवा बसवली?"

मी कागद चाळले. दोन्ही इंजिनांची बेअरिंगं एकाच महिन्यात बदलली होती. त्याच फिटरांनी, एकाच खोक्यातली. हे वाचून दाखवता दाखवता माझा आवाज बारीक होत गेला.

"एका आईची दोन लेकरं," साहेब म्हणाले. "एकाला गोवर निघाला. दुसरं खेळतंय, हसतंय. आपण काय म्हणतो? ठणठणीत हाय, जाऊ द्या शाळंत?"

मी गणितात दोन्ही इंजिनं एकमेकांना अनोळखी धरली होती. एक बिघडायचा संभव आणि दुसरं बिघडायचा संभव, दोन्हींचा गुणाकार, आणि उत्तर इवलंसं. सहा महिने मी पुस्तकं वाचली होती, आणि जो प्रश्न कुठल्याही आईला पडला असता तो मला पडला नव्हता.

"दुसरं उघडून बघायला पायजे," ते म्हणाले.

"पण ते उघडलं तर एकही इंजिन हाताशी राहत नाही."

"मग भट्टी बंद करून निवू द्यायची, आन मग बघायचं."

मावशी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, पेज घेऊन आल्या होत्या. त्या दाराशीच थांबल्या. त्या महिन्यात साहेबांच्या बढतीचा कागद निघायचा होता. विभागप्रमुखाची जागा. त्यांच्या आधी कुंडलच्या बौद्धवाड्यातलंच काय, अख्ख्या कुंडलमधलं कुणी तिथवर गेलं नव्हतं. "आवं, गावात समद्यांला सांगून झालंय," मावशी हळूच म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कागद मांडीवर घेऊन ते लिहू लागले.

मी म्हणालो, "साहेब, गणित माझं चुकलंय. मी लिहितो, मी सही करतो."

"तुझं नाव असलं तर त्यो कागद टोपलीत जाईल. माझं असलं तर मला घरी बसवतील, आणि तसाबी मी आता घरी बसाय आलोयच."

"पण तुमची खात्री आहे?"

"खात्री कसली रं? खात्री न्हाई म्हणून तर बघायचं गड्या."

परत येताना एसटी शिरवळला चहासाठी थांबली. हॉटेलात वीज नव्हती, मालक पुठ्ठ्याने वारा घेत वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. माझ्या पिशवीत तो कागद होता. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

भट्टी बंद झाली. साहेबांच्या सहीचा कागद संचालकांना डावलता आला नाही, डावलला असता तर उद्या तोच त्यांच्या गळ्याशी आला असता. वरून फोनांवर फोन आले. भट्टी निवल्यावर दुसरं इंजिन उघडलं. नऊ दिवसांनी अहवाल आला. त्याची बेअरिंगं नव्यासारखी होती, ओरखडासुद्धा नव्हता. पहिल्या इंजिनाच्या तेलाच्या नळीत चिंधीचा बोळा अडकला होता, म्हणून बेअरिंगला तेल न मिळून ते घासलं होतं. म्हणजे लेकरांना गोवर नव्हताच. एकाच्या घशात काहीतरी अडकलं होतं, एवढंच.

कार्यालयात लोक उघड हसले. मी सांगलीला फोन लावला. साहेबांच्या भावाकडे फोन नव्हता, शेजारच्या हळद व्यापाऱ्याकडे निरोप द्यावा लागे. साहेब पाच मिनिटांनी फोनवर आले. मी सगळं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, माझ्यावर रागावले.

विभागप्रमुखाच्या जागेवर दुसरे गृहस्थ आले. साहेब रजेवरून परतले, होते त्याच खुर्चीत आणखी आठ महिने बसले, आणि त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. निरोपाला हार आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कुणी वाईट वागलं नाही. कुणी काही बोललंच नाही.

पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला कुंडलला गेलो. साहेब ओसरीत बसले होते. मी बोलता बोलता भडाभडा सगळं ओकलो. म्हणालो, दुसऱ्या इंजिनात एखादी चीर जरी सापडली असती तरी सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आज तुम्ही प्रमुख म्हणून घरी बसला असता.

साहेबांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "म्हंजी तुला सापडायला पायजे व्हतं व्हय?"

खरं उत्तर 'होय' असंच होतं. नऊ दिवस मी मनातल्या मनात त्या बेअरिंगवर चीर असू दे म्हणून देवाची प्रार्थना केली होती, आणि ती चीर असती तर भट्टी चालू राहिलेल्या प्रत्येक दिवशी किती हजार माणसं कसल्या धोक्याशेजारी झोपली असती, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

"चीर नसावी म्हणूनच बघायचं असतं, निकम," ते म्हणाले. आडनावाने ते मला क्वचितच हाक मारत. मग त्यांनी विषय बदलला आणि माझ्या मुलीची शाळा विचारली.

त्यानंतर दोन वर्षांनी साहेब गेले. हृदयविकाराचा झटका, सांगलीला नेईपर्यंत सगळं आटोपलं. मी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पोचलो. वंदना झाली, चार लोक बोलले, कुणीतरी त्यांना 'मोठे शास्त्रज्ञ' म्हणालं, ते त्यांना मुळीच आवडलं नसतं. माणसं पांगल्यावर मी मावशींजवळ बसलो. इतकी वर्षं मनात होतं ते मी बोलून टाकलं. म्हणालो, "मावशी, त्या कागदामुळं साहेबांची बढती गेली. आणि त्याची सुरुवात माझ्या चुकीच्या गणितानं झाली. तो फोन केला तेव्हा ते माझ्याशी धड बोललेही नाहीत."

"त्या फोनाचं म्हणता व्हय," मावशी म्हणाल्या. "शेजारनं आले आन खाटंवर बसले. म्या इचारलं, काय झालं? म्हणले, इंजिन चांगलं निघालं. बढती गेली. आन भाकरी वाढ म्हणले. भाऊ, तुमी फाईल घेऊन आल्यापास्नं त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. मला वाटायचं आपरेशनचं हाय. त्या दिशी डाक्टरनं न्हाई म्हणलेलं असताना दोन भाकऱ्या खाल्ल्या, आन दुपारपास्नं सांजंपातूर गाढ झोपले."

त्या दिवशी मुंबईत मी जेवलो नव्हतो. फोन ठेवल्यावर डबा उघडवला नाही, तो तसाच संध्याकाळी घरी नेला होता. हे मी मावशींना सांगितलं नाही.