थंड छपरावरचा जवळा

छपरावर चढून मी थर्मामीटर लावला आणि स्वतःचीच पाठ थोपटली. एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि आमच्या पांढऱ्या छपरावर मी चक्क अनवाणी उभा होतो. खाली दारात जनामावशी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

समुद्रकाठच्या दांडी गावातलं हे आमचं सॅम्पल घर, मालकीण जनामावशी. मी बोईसरच्या प्लांटमध्ये एनर्जी इंजिनियर. भिंती कारखान्यात ओतायच्या, साइटवर नेऊन जोडायच्या. हवामान बदलावर आमचा उतारा म्हणे! शिवाय 'मास कस्टमायझेशन', म्हणजे साचा एकच, तरी प्रत्येक घर मालकाच्या पसंतीचं. पसंती ॲपवर नोंदवायची. टाइल्सचा रंग, खिडकीचं डिझाइन, किचन ओटा डावीकडे की उजवीकडे. मावशींनी एकच मागितलं, दारापुढे खळं. खळं म्हणजे चोपून सारवलेलं अंगण. त्यावर त्या जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकवतात. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा हा सुका जवळा विकूनच त्यांची चूल पेटते. ॲपमध्ये खळं नव्हतं. सेल्सवाल्याने 'लॉन'वर टिक केलं. दांडीत लॉन!

मग "छपरावर सुकवा की" हा सल्ला माझा. अक्कल पाजळायला मला कोणी बोलावलं नव्हतं.

आमच्या छपराला कूल रूफ म्हणतात. त्याचा रंग ऊन परतवतो, स्लॅब तापतच नाही. आणि खालची जमीन तापल्याशिवाय जवळा नीट सुकत नाही, हे दांडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं. जवळा वरून कोरडा, खालून ओला. तिसऱ्या दिवशी वास सुटला.

"घर थंड हाय, खोटा नाय बोलनार," मावशी म्हणाल्या. "पन सायेब, माजा जवला थंड करायला कोनी सांगितला व्हता?"

मला लाज वाटली. डायरेक्टरना फोन लावला.

"छपरावर मासे?" ते ओरडले. "रिफ्लेक्टिव्हिटीची वाट लागेल! त्यांचं अवेअरनेस सेशन घ्या."

"सर, लॉन काढून खळं करून देऊ या."

"लॉन ग्रीन रेटिंगमध्ये धरलंय. हात लावायचा नाही."

ग्रीन रेटिंग म्हणजे पर्यावरण किती जपलं याचे मार्क. खाऱ्या वाऱ्यात पिवळं पडलेलं, टँकरच्या पाण्यावर तग धरून असलेलं ते गवत पर्यावरण जपत होतं. धन्य ते!

नासलेला जवळा कोंबडीखाद्यवाल्याने उचलला. मावशी आणि त्यांच्या जावेने कुदळ घेतली, लॉन खणून काढलं, माती चोपली, सारवली. यावर कंपनीने वॉरंटी रद्द केल्याचं पत्र काढलं. ते पोचवायला अर्थात मीच. गेलो तेव्हा नवा जवळा खळ्यावर सुकून कुरकुरीत झाला होता.

"काय लिवलाय?"

"या घराची जबाबदारी आता कंपनी घेणार नाही."

"आदी कवा घेतली व्हती?" म्हणत मावशींनी त्याच कागदात मला दोन मुठी जवळा बांधून दिला.

घर कसं हवं हे माणसाला विचारायला जाताना उत्तरांची यादी आपण घेऊन जाऊ नये. एवढं कळायला मला इंजिनियरिंगची डिग्री, अठरा वर्षांची नोकरी आणि मावशींचा पावसाळ्याचा अर्धा जवळा लागला.