कंदील न लावलेलं वर्ष

आई दिवाळीच्या जरा आधी आयर्लंडला आली, तीन महिन्यांसाठी, आणि नोव्हेंबर संपायच्या आत म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. मी नागपूरला जाते."

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "तिकडे कोण आहे तुझी वाट बघत?" मी फटकळच आहे. बोलून गेल्यावर जीभ चावली, पण शब्द काही परत घेता येत नाहीत. आई एवढंच म्हणाली, "घर आहे न माझं."

त्या घरात आता कोणी नव्हतं. बाबा मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मी डॉक्टर, त्या दिवसांत इथे, मलिंगारला, दुसऱ्यांच्या वडिलांना ऑक्सिजन लावत होते आणि बाबांचं शेवटचं सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यामुळे आई आली तेव्हा ठरवलं होतं की हिला एकटीला त्या फ्लॅटमध्ये होईल तितकं उशिराच पाठवायचं. आणि ही बाई तर आताच निघाली होती. कारण विचारलं की म्हणायची, "करमत नाही." बाहेर चल म्हटलं की थंडी. दिवसभर खिडकीपाशी बसून राहायची, आणि मला आतल्या आत तुटायचं.

शेवटी माझ्या नवऱ्याने डोकं चालवलं. दोन दिवस गाडी काढू, दक्षिणेला समुद्रापर्यंत जाऊ, आईंना जरा मोकळं वाटेल. वाटेत एका जुन्या जमीनदारी बागेत 'हिवाळ्यातली रोषणाई' आहे, त्याची तिकिटंही त्याने काढून टाकली. दिवसभर संगणकावर काम करणारा माणूस, चित्र बघितलं, बटण दाबलं, खालचं काही वाचलं नाही.

शनिवारी दुपारी निघालो. डिसेंबरमध्ये इथे चार वाजले की दिवस आटोपतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं, मागे ओली कुरणं, मधेच एखाद्या शेतघराचा दिवा. मागच्या सीटवर आई आणि आमची सात वर्षांची लेक. आजी मराठीत विचारणार, नात इंग्रजीत उत्तर देणार, तेही अस्सल आमच्या वेस्टमीथ परगण्याच्या हेलात. "थंडी वाजून राहिली का गं?" की लगेच, "आय'म ग्रँड, आजी." गंमत म्हणजे दोघींचं भाषेवाचून काही अडत नव्हतं.

बागेच्या वळणावर आलो आणि झाडांच्या वरचं आकाश लालसर, केशरी दिसायला लागलं. फाटकावर दोन मजली कमान, नखशिखान्त उजळलेली, आणि तिच्यावर ओळीने लाल, गोल, गोंडे लोंबणारे कंदील. चिनी कंदिलांचा महोत्सव होता तो. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. यंदा आमच्या दारात एकही आकाशकंदील लागला नव्हता, लेकीने विचारलं तर मी तिला दटावून गप्प केलं होतं. आणि त्याच वर्षी मी माझ्या आईला कंदिलांच्या गावाला आणून उभं केलं होतं.

"तू वाचलं नाहीस?" मी नवऱ्याला दबक्या आवाजात म्हटलं.

"लाइट्स लिहिलं होतं गं. मला वाटलं ख्रिसमसचं असेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"आई, आपण परत जाऊ. समुद्रावर लवकर पोचू," मी म्हटलं.

आई तोवर मास्क लावून गाडीतून उतरलीसुद्धा होती.

आत गेलो आणि मी गप्प झाले. मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते. तळ्यावर एक ड्रॅगन पसरला होता, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि तितकाच दुसरा पाण्यात. जवळ गेलो तर त्याचे खवले म्हणजे चक्क चिनी मातीच्या पांढऱ्या बशा, एकीला एक बांधलेल्या. चहा पितो त्या बशा. त्यांच्या आतून उजेड येत होता. पुढे माणसाच्या दुप्पट उंचीची रेशमी कमळं, पाकळ्यांमधल्या शिरासुद्धा दिसत होत्या. थंडीने नाक गळत होतं, तोंडातून वाफा निघत होत्या आणि सगळी गर्दी हळू आवाजात बोलत होती, देवळात बोलतात तशी. कोण कुठली माणसं, घरदार सोडून हजारो मैलांवरून येतात आणि तारा, कापड, बशा घेऊन असलं काही उभं करतात. मला गहिवरून आलं.

मग मोर आला. पिसारा फुलवलेला, निळा, हिरवा. मी वाकून पाहिलं आणि अंगावर काटा आला. तो अख्खा पिसारा काचेच्या छोट्या बाटल्यांचा होता, रंगीत पाणी भरलेल्या. इंजेक्शनच्या असतात तसल्या बाटल्या. दीड वर्ष मी त्या फोडत होते, रिकाम्या करत होते, पिवळ्या डब्यात टाकत होते. त्यांच्यातून कधी असा उजेड येईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हॉस्पिटलात पाहिलेलं सगळं डोळ्यांसमोर आलं, तरी पाय निघेना.

नवरा लेकीला घेऊन हॉट चॉकलेटच्या रांगेत गेला होता. आई माझ्याशेजारी उभी, मोराकडे बघत.

"काय सुंदर केलं आहे गं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "एक विचारू? दिवाळीत तू कंदील काहून नाही लावला?"

"काय विचारतेस आई. बाबा गेले ना. वर्षभर सण नसतो."

"तो मला नसतो. तू लग्न झालेली लेक, दुसऱ्या घरची. तुला तीन दिवसांचं सुतक, मेमध्येच फिटलं. लहानगीनं कंदील मागितला अन् तू तिला दटावलंस, मी आतून ऐकलं. मला वाटलं, माझ्यामुळंच. म्हातारी समोर बसलेली, तिच्यादेखत कसा लावायचा? आता नाताळ येऊन राहिला, पोरीला झाडही आणणार नाहीस. म्हणून म्हटलं, मी गेले की लेकीच्या घरात उजेड तरी येईल."

महिनाभर आम्ही दोघी एकमेकींना काही न विचारता अंधारात बसलो होतो. मला तिचा राग आला, माझा आला, आणि ती फार फार आवडली.

"तुझ्यामुळे नाही गं," मी कशीबशी म्हणाले. "तू आली नसतीस तरी लावला नसता. बाबांच्या तोंडात मी पाणी घातलं नाही. खांदा दिला नाही. इतक्या लांबून त्यांच्यासाठी दुसरं काय करता येत होतं मला? कंदील न लावणं, तेवढंच माझ्या हातात होतं."

आईने हातमोजा काढला आणि तो उघडा, गार हात माझ्या गालावर ठेवला.

"पोचलं त्यांना," ती म्हणाली. "तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे. आता घरात मी मोठी, मी सांगते, तुझं सुतक आज संपलं."

मेपासून न रडलेली मी तिथे, अनोळखी माणसांच्या गर्दीत, हमसून हमसून रडले.