गजूची फुकट कॅसेट

गजू गेला हे सांगायला त्याचा मेव्हणा नागपूरच्या सदर भागातल्या माझ्या टीव्हीच्या दुकानात आला, तेव्हा मी हसलो. कोराडीच्या वीज केंद्रातल्या या इंजिनिअरनं इतकी राख गिळली होती, की यमालाच खोकला लागला असता. "हार्ट अटॅक," मेव्हणा म्हणाला. चाळिशीही नव्हती... दुकानातले सगळे टीव्ही चालू होते आणि मला एकाचाही आवाज येईना. महिना उलटला, अजून कान पुरते उघडलेले नाहीत.

१९८६ साल उजाडलं तरी नागपुरात घरी संगणक म्हणजे दारी हत्ती. गजूचा पाहायला अशी झुंबड, की कॉलनीची बस त्याच्या क्वार्टरपाशीच थांबायची, ड्रायव्हरही आत. संगणक टीव्हीला जोडायचा, टेपवर कॅसेट लावायची, ती किंचाळली की प्रोग्रॅम आत जाऊन यंत्राला अक्कल यायची. पण कंपनीची ती अक्कल कुलूपबंद. आत डोकवायचं नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. "यंत्र माह्या घरचं अन् मलेच दार बंद, काहून गा?" म्हणत गजूनं सगळी अक्कल स्वतः लिहून काढली आणि वाटत सुटला. लग्नात अक्षता टाकतानाही खिशात कॅसेट. "फुकटाची किंमत राहत नाही," मी म्हणे. "तू टीव्ही विक गा," तो म्हणे.

तेरवीनंतर शोभावहिनी म्हणाल्या, "त्यांचं यंत्र एकदा सुरू करून द्या." घरात उरलेली एकच कॅसेट मी लावली... भजन. मेव्हण्यानं तेरवीचं भजन तिच्यावरच भरून घेतलं होतं. "नुसती किंचाळून राहिली होती भाऊ, मले वाटलं खराब झाली," म्हणत तो रडायलाच लागला. वहिनी निळ्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे हेही गेलं," एवढंच बोलल्या.

मी स्कूटर काढली ती थेट शहराबाहेरच्या वाडीला. तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं गजूच्या नादानं घरच्या संगणकात त्याचीच अक्कल घातली होती. "आहे ना गा. मी त्यात थोडं सुधरवलं बी. त्यानंच सांगितलं होतं, सुधरव अन् पुढं दे," म्हणत त्यानं कॅसेट हातावर ठेवली.

गजूच्या घरी परतलो. पुन्हा भजन निघायला नको, म्हणून वायर जोडण्याआधी मी ती नुसतीच वाजवून पाहिली. जराशी खरखर... आणि गजू बोलला. "हे फुकट आहे गा. उघडून पाहा, सुधरवा, पन कोनाले नाही म्हनू नका." मेव्हणा टेपपाशी सरकला. मग तोच आवाज, मान मागं वळवल्यासारखा, "शोभा, दूध पाह्य वं, उतू जाऊन राहिलं."

आम्ही दोघं टेपकडे बघत होतो, तोवर वहिनी गॅसपाशी पोचल्या होत्या.