कुआंग मास्तरांच्या शिव्या

आमच्या शांघायच्या प्रकाशनगृहात कुआंग मास्तरांइतका गोड माणूस नव्हता आणि त्यांच्याइतकं कडू लिहिणाराही नव्हता. अमेरिकन नाटकं चिनीत आणायची, हे त्यांचं काम. पण त्या वर्षांत सरकारी परवानगीने असलं पुस्तक छापायचं तर आधी प्रस्तावनेत त्याला धुऊन काढावं लागे. सडका समाज, पैशाची हाव, सगळं कसं रसातळाला चाललंय! मास्तर हे इतकं झोकात लिहीत की वाचक शिव्या पाहूनच पुस्तक उचलत. जितकी धुलाई जास्त तितकं पुस्तक झकास, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते फक्त नव्या संचालकांना, रुआन साहेबांना. ते ट्रॅक्टरच्या कारखान्यातून बदलून आले होते.

मास्तरांचा जीव एका नाटकात अडकला होता. घर विकावं की नाही यावरून स्वयंपाकघरात भांडणाऱ्या दोन बहिणींचं नाटक. ते छापून यावं म्हणून त्यांनी ठेवणीतल्या शिव्या बाहेर काढल्या. रुआन साहेबांनी प्रस्तावना मन लावून वाचली आणि मास्तरांना बोलावलं. चहाचा थर्मास घेऊन मीही मागोमाग घुसले.

"मास्तर, इतकं भिकार आहे तर छापायचं कशाला?"

मास्तरांचा चेहरा पडला. "साहेब, ते... तसं लिहायचं असतं."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर नाटक गेलं. मला राहवेना. "साहेब, पाहुण्याला वाढताना आपण म्हणतोच ना, 'आज काही खास नाही हो'? म्हणून कोणी ताटावरून उठतं का?"

साहेब खो खो हसले. "बरं, मग खास काय आहे ते लिहा. आता हवा बदललीय, कौतुक चालतं. नाही जमलं तर नाटक परत."

मास्तरांची पार वाट लागली. सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचे, कागद चुरगळायचे. लेखणी टेकवली की 'सडका' आपोआप उमटायचा. मला म्हणायचे, "बाई, हात वळतच नाही गं!" शेवटी त्यांनी साहेबांपुढे एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं:

"घरावरून मी माझ्या बहिणीशी भांडलो. ती आता नाही. असती तर हे नाटक तिला वाचून दाखवलं असतं."

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"आयुष्यभर शिव्या लिहिल्या, साहेब. खरं लिहायला हात बसलेला नाही."

साहेबांनी तिथेच छपाईसाठी सही केली. मी मात्र बाहेर येऊन पोटभर रडले.