तळ्यातली अर्धी फेरी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी लेखणी धरली नाही. तरी लोकांनी वाचावे म्हणून लिहितो आहे, याची क्षमा असावी. भाषा चुकेल. घडले ते मात्र खरे आहे.

कल्याणच्या तळ्याच्या पायऱ्यांवर त्यांनी माझे भोपळे फोडले. माझ्यासमोर. एकेक करून.

पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला सुके भोपळे बांधतात. बहुधा सात-आठ वर्षांच्या पोराच्या. मी बावीस वर्षांचा होतो. मुंबईला कॉलेजात वाचून वाचून छाती खचली होती. डॉक्टर म्हणाले, "औषध पुरे. रोज पोहा. या काठावरून त्या काठाला, आणि परत. दम वाढेल."

माझ्या बाकावरचा मित्र कल्याणचाच, वरच्या आळीतला. म्हणाला, "सुट्टीत तळ्यावर ये. मी शिकवतो."

"माझी जात ठाऊक आहे ना तुला?"

तो हसला. "अरे, एका बाकावर बसतोस, मग एका तळ्यात काय होतं?"

बाने भोपळे वाळवून दिले. तळ्याचा गाळ दर उन्हाळ्यात आमची वस्तीच काढी. बा म्हणाला, "मधी लय खोल हाय. जपून रं."

आठवडाभर मी काठालाच हातपाय मारले. पोरे ओरडायची, "काका, बेडूक बरा तुमच्यापेक्षा!" मीही हसायचो. आठव्या दिवशी पलीकडच्या घाटाला हात लागला. अर्धी फेरी! मागे पाहिले. मित्र हात हलवत होता.

पायरीवर संध्या करणारे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "शाबास! कुणाचा रे तू?"

त्या आनंदात मी बाचे नाव सांगितले. वस्तीही सांगितली. कॉलेजात सांगतो तसे, सरळ.

मला हात कसा लावणार? घाटावरच्यांनी काठीने ढोसून बाहेर काढले. पाठीची दोरी मलाच सोडायला लावली. मग काठीनेच भोपळे फोडले.

"याला आणलं कुणी?"

मी पलीकडे बोट केले.

"मी नाही ओळखत याला," मित्र म्हणाला. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

पुन्हा पाण्यात उतरायचे नव्हते. ओल्या धोतराने तळ्याला वळसा घालून आलो. तो निघून गेला होता.

बाने सगळे ऐकले. "गाळात मी छातीपातूर असतो. तवा न्हाय बाटत?" एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मला खाडीवर नेऊ लागला. त्याला स्वतःला पोहता येत नव्हते. चिखलात उभा राहून माझ्या कमरेची दोरी धरायचा. सुट्टी संपता संपता त्याने दोरी सोडली.

कॉलेजात मित्राने शेजारची जागा धरून ठेवली होती. मी दुसऱ्या बाकावर बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात बाला घाटावर उभे करून उरलेली अर्धी फेरी पुरी करायची, असे ठरवले होते.

काल वस्तीतला माणूस निरोप घेऊन आला. गाळ काढायचे बोलावणे आले तेव्हा बा गेला, पण टोपली उचलली नाही. पायरीवर बसून म्हणाला, "पोराच्या अंगानं पानी बाटतं. मग बापाच्या हातानं गाळ कसा चालंल? तुमीच काढा." त्यांनी मारले. पाच दिवस अंथरुणावर होता. परीक्षा आहे, पोराला कळवू नका म्हणाला. गेला.

ती फेरी मी पुरी करणार आहे. दिवसाढवळ्या. कुणाचा म्हणून विचारले, तर बाचेच नाव सांगणार आहे.