हाऊसफुल्लचा बोर्ड आणि आमचा टक्का

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

माझी लेक लालबागला, आमच्याच चाळीत, शिवणकाम करते. शिवलेली नऊवारी ही तिची खासियत. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, मागे काष्टा तयार, निऱ्या पक्क्या. पाच मिनिटांत बाई उभी. घरात दोन मशिनं, त्यात आम्ही दोघी, आणि पलंगावर कापडाचे गठ्ठे. जेवायला बसायचं तर आधी गठ्ठे उचलायचे. तिला खालच्या रस्त्यावरचा एक गाळा भाड्याने हवा होता. मालक अनामत मागत होता, आणि दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता.

तेवढ्यात सिनेमाचं काम आलं. मोठा सिनेमा, जुन्या काळातला, लढाया, हत्ती, राजवाडे. साठ नऊवाऱ्या शिवायच्या. सिनेमा कंपनीच्या माणसाने लेकीपुढे दोन वाटा ठेवल्या. सगळे पैसे रोख घ्या, किंवा अर्धे रोख घ्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात सिनेमाच्या फायद्यात छोटासा टक्का घ्या. रोख घेतले असते तर गाळ्याची अनामत तिथल्या तिथे सुटत होती. लेक रोख म्हणाली. मी म्हटलं, टक्का घे.

मला वाटायचं, यातलं मला कळतं. माझा नवरा गिरणीत होता आणि हौशी नाटकांत काम करायचा. मी चौथी शिकलेली, पण आकडे पक्के, म्हणून तिकीटविक्रीला मला बसवायचे. नाटक हाऊसफुल्ल झालं की बोर्ड बाहेर लागायचा आणि बोर्डापुढे नारळ फुटायचा. खेळ संपला की पडदा पाडून सगळे रंगमंचावर गोल बसत. गल्ल्याची पेटी मधोमध उघडायची. हॉलचं भाडं, दिवेवाला, रंगपटवाला, चहा, एवढं बाजूला काढायचं. उरलं त्याचे वाटे तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बोर्ड लागला आणि वाटा आला नाही, असं मी एकदाही पाहिलं नाही. म्हणून लेकीला म्हटलं, एवढा मोठा सिनेमा, एवढी मोठी नावं, बोर्ड लागणारच.

"आई, नाटक वेगळं, हे वेगळं," ती म्हणाली.

"पेटी ती पेटीच," मी म्हटलं.

तिने सही केली.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. टीव्हीवर रोज कोटींचे आकडे. शेजारणी येऊन लेकीला विचारायच्या, आता चाळ सोडणार का गो? माझा टीव्हीवर विश्वास नाही. मी स्वतः दादरला गेले. तिथे एक जुनं थिएटर अजून उभं आहे आणि तिथे अजून बोर्ड लावतात. तीन वेगवेगळ्या रविवारी गेले. तिन्ही वेळा बोर्ड होता. तिसऱ्या रविवारी मी पिशवीतून नारळ नेला होता. बोर्डाखाली पायरीवर फोडला. वॉचमन धावत आला. ही काय देवळाची पायरी आहे का, पाणी कोण पुसणार, म्हणून ओरडला. मी पदराने पाणी पुसलं, अर्धा नारळ त्याच्या हातात दिला आणि घरी येऊन लेकीला सांगितलं, गाळेवाल्याला हो म्हणून टाक.

दिवाळीच्या आधी कंपनीचं पत्र आलं. लेकीने ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात न देता मशिनवर ठेवलं. सिनेमाला तोटा झाला होता. फायदा नाही, म्हणून टक्का नाही.

मला वाटलं, पत्र चुकून आलं. दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचं असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या ऑफिसात गेलो. परळला काचेची इमारत, आत अशी थंडी की मी पदर कानावर घेतला. हिशेब बघणारा माणूस मराठीच होता, पन्नाशीचा, शांत. त्याने आम्हाला बसवलं, चहा आणि बिस्किटं मागवली. बोलायला वाईट नव्हता. मी त्याला सरळ विचारलं, तीन रविवार बोर्ड मी माझ्या डोळ्यांनी बघितला, मग तोटा कुठून आला?

त्याने कागद घेतला आणि वरून खाली लिहीत गेला. टीव्हीवर सांगतात ते लोकांनी तिकिटाला दिलेले पैसे. त्यातून आधी सरकारचा कर. मग जवळजवळ अर्धे थिएटरवाल्याचे. मग सिनेमा गावोगाव पोचवणाऱ्या कंपनीची दलाली. मग जाहिरात, आणि जाहिरातीला म्हणे सिनेमा काढायला जेवढे लागतात त्याच्या जवळपास पैसे लागतात. मग कर्जावरचं व्याज. मग हिरो. हिरोला आधी मानधन, आणि वर टक्काही. पण त्याचा टक्का फायद्यातला नव्हे, वरच्या वर, आलेल्या पैशातला. हे सगळं गेल्यावर सिनेमा काढायचा खर्च वजा करायचा. कागदाच्या तळाशी त्याने एक आडवी रेघ मारली आणि रेघेखाली वजाची खूण केली.

"म्हणजे हिरोला मिळाले," मी म्हटलं.

"हो."

"थिएटरवाल्याला मिळाले. व्याजवाल्याला मिळाले. ही दलाली घेणारी कंपनी कोणाची?"

"आमच्याच मालकांची. दुसरी कंपनी."

"आणि जाहिरातवाली?"

"तीही."

माझ्या हातात बिस्किट होतं. मी विचारलं, आणि या ऑफिसचं भाडं, हा चहा, हे बिस्किट? तो म्हणाला, त्यातलं थोडं थोडं प्रत्येक सिनेमाच्या खात्यात टाकतात. म्हणजे मी लेकीच्याच टक्क्यातलं बिस्किट खात होते. मी ते खाऊन टाकलं. बशीत उरलेली चार होती, तीही रुमालात बांधली. लेकीने मान दुसरीकडे वळवली.

मी त्याला म्हटलं, मग असले मोठे सिनेमे काढतात कशाला, फायदा होतच नसेल तर? त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, कधी कधी खराच होतो. पण पुष्कळदा सिनेमाला होत नाही, सिनेमा काढणाऱ्यांना होतो. तुमच्या मुलीने सिनेमातला टक्का घेतला."

मी आयुष्यात पुष्कळ लबाडी पाहिली. रेशनवाल्याची, रॉकेलवाल्याची. पण ती लबाडी लपवून होत असे, पकडली की माणूस शरमायचा. इथे सगळं कागदावर लिहिलेलं, खाली लेकीची सही. आमच्याकडे पेटी मधोमध ठेवायचे. इथे पेटी मधोमधच होती, फक्त आमची पाळी येईपर्यंत तिचा तळ दिसत होता. एवढ्या मोठ्या लोकांनी असं करावं, आणि तेही न लाजता, याचा मला जो धक्का बसला तो अजून गेलेला नाही.

लेक तोवर पत्रासोबत आलेली खर्चाची यादी बोट लावून वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे पोशाखाचं गोदामभाडं काय आहे?"

तो म्हणाला, शूटिंगचे कपडे रे रोडला एका गोदामात आहेत, त्याचं दर महिन्याचं भाडं.

"यात माझ्या साड्या आहेत?"

"असतील."

"अजून भाडं चालू आहे?"

"चालू आहे. तोट्यात धरतात."

लेक म्हणाली, साठ नऊवाऱ्या मला परत द्या, तेवढं भाडं वाचेल. मला वाटलं, आता मोठी मीटिंग होईल. त्याने एक फोन केला, दोन वाक्यं बोलला आणि म्हणाला, घेऊन जा, टेम्पो तुमचा. ज्यांच्यासाठी लेकीने डोळे फोडून घेतले त्या साड्या कोणालाच नको होत्या. टक्का बुडाल्याचं तिने सोसलं होतं. हे ऐकून मात्र तिचे डोळे भरले.

गाळा गेला. मालकाने तो मोबाईलवाल्याला दिला. साड्या आल्या आणि पलंग पुरता दिसेनासा झाला. महिनाभर लेक माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही माफी मागितली नाही. माफीने अनामत भरत नाही. मी साड्या धुतल्या. साठातल्या अकरा साड्या घोड्यांच्या धुळीने आणि रंगाने वाया गेल्या होत्या, त्या बाजूला काढल्या. उरलेल्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या.

गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते. बायका-मुली नऊवारी नेसून स्कूटरवर बसतात, आणि हल्ली नेसता कोणाला येतं? ठाकूरद्वारच्या एका मंडळाने चौदा साड्या भाड्याने नेल्या. मग बाकीच्याही गेल्या. रोख, आणि अनामत आधी. गाळ्याला पुरेल एवढं झालं नाही अजून. पण लेकीने परत चौकशी सुरू केली आहे, या वेळी मागच्या गल्लीतल्या लहान गाळ्याची.

गेल्या आठवड्यात त्याच कंपनीतून फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग काढतायत, पहिल्यापेक्षा मोठा. तोटा झालेल्याचा दुसरा भाग. ऐंशी साड्या हव्या होत्या, अर्धे रोख आणि टक्का. लेकीने फोन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, टक्का हिरोच्या आधी देणार की नंतर?

पलीकडची मुलगी गडबडली. हिरोच्या आधी कोणालाच देत नाहीत, म्हणाली.

"मग साड्या हिरोकडूनच शिवून घ्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

लेक मशिनवर वाकली होती. मला वाटलं, ओरडेल, काम घालवलं म्हणून. तिने फक्त सुई पुढे केली आणि म्हणाली, "आई, दोरा ओव. मला दिसत नाही."

दिसत मलाही नव्हतं. पण ओवला.