चहा टाकून बघा, वहिनी

छायाला एकटीने बसून जेवायला आवडत असे. हे तिच्या सासरी कोणालाच माहीत नव्हतं, कारण मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या घरात तशी वेळ कधी आलीच नाही.

तिचं माहेर घोटीचं. वडील भाताच्या गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या मागे त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. आई दिवसभर बाहेर असायची. छाया शाळेतून यायची, भात-आमटी वाढून घ्यायची, दार लोटायची आणि भिंतीकडे तोंड करून सावकाश जेवायची. बाहेर गिरणी चालू असायची. त्या आवाजात कोणी कोणाला हाक मारू शकत नसे. पुढे आयुष्यात तिला पुष्कळ शांतता मिळाली, पण गिरणीच्या आवाजात मिळायची तशी कधी मिळाली नाही.

चौऱ्याण्णव साली तिचं लग्न झालं. नवरा समाधान सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला. सासरी फुलांचा आणि भाजीचा मळा, तीन भाऊ, तीन सुना, त्यांची पोरं, आणि सगळ्यांची एकच चूल. सासरे सावळीराम, त्यांना सगळे नाना म्हणत. सासू गोजराबाई. पहाटे अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसायचं, मार्केटची गाडी गेली की भाकरी, भाकरी झाल्या की झेंडू. माणसं वाईट नव्हती. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त ती जिथे असेल तिथे कोणीतरी असायचंच. रडायचं असेल तर ती कांदा चिरायला घ्यायची.

मग मळा यलो झोनमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या पट्ट्यात गेला. गुलाबाच्या वाफ्यांत चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, विकले गेले. नानांनी जाहीर केलं की आता सगळ्यांना पुरेल असा एक बंगला घ्यायचा. त्याच सुमारास समाधानने नाशिक रोडला एक फ्लॅट बघून ठेवला. कंपनीची बस तिथूनच सुटायची. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. छायाने तो एकदाच पाहिला. ती त्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिने हळूच दार लावून घेतलं. बाहेरून समाधान म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पाच मिनिटं थांबा."

त्यानंतर नानांनी एकामागून एक बंगले नापसंत केले. शेवटी वैतागून म्हणाले, "आता हा देवळालीचा एक बघायचा. ह्यो मनासारखा आसंल तर सगळे तिथं. नायतर ज्यानं त्यानं आपलं बघावं, मी मोकळा."

दोन हजार दोनच्या एप्रिलमधली ती सकाळ. जीपमध्ये नाना पुढे, मागे गोजराबाई, समाधान आणि छाया. मोठ्या आणि धाकट्या जावेने यायचं टाळलं होतं, घरी पापडांचं पीठ भिजवलेलं होतं. समाधान तिच्या कानाशी म्हणाला, "आज बोलतो नानांशी. काही झालं तरी बोलतो." हे तो दिवाळीपासून म्हणत होता.

देवळाली कॅम्पच्या एका आडरस्त्याला तो बंगला होता. कुण्या इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला, मग पारशी कुटुंबाने वापरलेला, आणि आता मुंबईच्या मालकाने नवा करून विकायला काढलेला. लाल कौलं धुऊन रंगवली होती. कमानींचा व्हरांडा तसाच होता, पण कमानी-कमानीत पांढरी ग्रिलं बसवली होती. जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स. छत उंच होतं ते पीओपीने खाली आणलं होतं. घराने आपलं म्हातारपण लपवायला सगळं अंग झाकून घेतलं होतं, आणि तरीही भिंतींची जाडी तेवढी लपत नव्हती.

एजंट शेखर दारातच उभा होता. "या नाना, या मावशी. चपला असू द्या."

"नवीन फरशीवर चपला?" गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

हॉलमध्ये भिंतीत शेकोटीची जागा होती. नाना वाकून आत बघायला लागले. "चूल हितं बैठकीत? मग सैपाक कुठं करत हुते?"

"चूल नाही नाना, फायरप्लेस. साहेब लोकांना थंडी वाजायची ना."

"थंडी? त्यांना म्हणावं, पहाटं आमच्याबरोबर कोथिंबीर काढायला यायचं. आपोआप गरम झाले आस्ते."

शेखर मोठ्याने हसला. एजंट हसतात तसा, थोडा जास्त. मग त्याने बेडरूम दाखवल्या. प्रत्येकीला स्वतःचं न्हाणीघर.

"इतके संडास?" गोजराबाई.

"अटॅच आहेत मावशी."

"घराला संडास अटॅच हायेत का संडासाला घर?"

समाधानही हसला. छायाही हसली. तिला हसू येत होतं, कारण नानांचा चेहरा तिला वाचता येत होता. आठ वर्षं तिने त्या चेहऱ्याकडे बघून भाकरी वाढली होती. भूक नसली की नाना ताटाच्या कडेवर बोट फिरवत. आत्ता ते तसंच बोट प्रत्येक चौकटीवरून फिरवत होते.

"देवाला जागा नाय," ते म्हणाले. "येवढं घर, आन साधा कोनाडा नाय."

"करून घेऊ की."

"करून घ्यायला देव काय भाडोत्री हाय?" नाना थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेखरभाऊ, तुम्ही म्हणता आम्हाला घर पसंत हाय का. पर घराला आम्ही पसंत हाय का? ह्या भिंतींनी आमच्यासारखी मानसं कधी बघितली नाईत. साहेब बघितले. आमाला हे घर घेईल का, त्ये कोन सांगणार?"

छायाला हलकं वाटलं. आता तिला ते घर आवडायला लागलं, आपलं होणार नसलेली वस्तू आवडते तसं. तिने जुन्या सागवानी दारावरून हात फिरवला. शेवटी ते स्वयंपाकघराशी आले. मधली भिंत पाडून टाकली होती. हॉलमधून, जेवणाच्या टेबलावरून, जिन्यावरून, कुठूनही बघितलं तरी काळ्या ग्रॅनाइटचा लांब ओटा दिसत होता आणि ओट्याशी जो उभा असेल तो.

"ओपन किचन," शेखर म्हणाला. "आता सगळीकडे हेच. वहिनींना कामात एकटं वाटायला नको."

 नाना व्हरांड्याकडे वळले. गिऱ्हाईक निघालं हे शेखरच्या लक्षात आलं असावं. त्याने गाडीतून पिशवी मागवली. दूध, साखर, चहापत्ती, दोन पातेली. "नाना, असं नका जाऊ. चहा घेऊन जा. गॅस चालू आहे, नळाला पाणी आहे. चहा टाकून बघा, वहिनी. त्याशिवाय किचन कळत नाही."

नाना चहा पीत नसत. म्हणून छायाने एका शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि दुसरीवर नानांसाठी पातेल्यात दूध. गोजराबाई टेबलाशी खुर्चीत टेकल्या. शेखर फोनवर बोलत होता.

ओट्यासमोर खिडकी होती. खिडकीतून मागचं आवार दिसत होतं, आणि आवारात नाना आणि समाधान उभे होते. समाधान बोलत होता.

तो खरंच बोलत होता. ऐकू काही येत नव्हतं. त्याने हाताने नाशिक रोडच्या दिशेला दाखवलं, मग आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. बसची वेळ सांगत असेल. नाना खाली बघत होते. आता ते रागावतील, छायाला वाटलं. तिने ओट्याची कड धरली. नानांनी धोतराचा सोगा झटकला, समाधानच्या खांद्यावर हात ठेवला आणि होकाराची मान हलवली. एकदा. मग पुन्हा. समाधानने खिडकीकडे बघितलं. तो हसत होता. लग्नानंतर तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता.

त्या क्षणी छाया कुठे होती हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं. ओट्याशी तर नव्हतीच.

चर्र आवाज झाला.

दूध पातेल्याच्या कडेवरून फुगून खाली उतरलं, शेगडीवर सांडलं, काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी धार पसरत गेली. छायाने घाईने गॅस बंद केला, फडकं शोधायला लागली.

"थांब!" गोजराबाई उठल्या होत्या. "फुसू नको. हात लावू नको." त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. "उगवतीला तोंड हाय गं ओट्याचं. आवो! आवो, हिकडं या आधी!"

नाना आत आले, मागोमाग समाधान. सगळे ओट्याभोवती उभे राहिले. नव्या घरात शिरताना दूध उतू घालतात, ते मुद्दाम घालतात. इथे ते कोणी न घालता गेलं होतं. नाना बराच वेळ त्या दुधाकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि ओट्याला हात लावून कपाळाला लावला.

"घेतलं," ते म्हणाले. "घरानं घेतलं आपल्याला."

"नाना," छाया म्हणाली.  "माझं लक्ष नव्हतं. मी विसरले. नुसतं उतू गेलं ते."

"आगं येडे," गोजराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "ध्यान देऊन घालवलं त्ये आपलं. इसरून गेलं त्ये देवाचं. तुझ्याच हातनं व्हायचं हुतं."

तिने समाधानकडे बघितलं. त्याचं हसू अजून पूर्ण उतरलं नव्हतं, त्याला कळायला थोडा वेळ लागत होता.

"नाना, आत्ता बाहेर आपलं बोलणं झालं..." तो म्हणाला.

"झालं ना. तवा घराचं काय सांगनं नव्हतं. आता हाय." नाना शेखरकडे वळले. "लावा मालकाला फोन."

जून उजाडायच्या आत वास्तुशांत झाली. घर माणसांनी भरलं. मखमलाबादहून, घोटीहून, सिन्नरहून पाहुणे आले आणि गोजराबाई प्रत्येकीला ओट्यापर्यंत नेऊन ती गोष्ट सांगत होत्या. छायाने दोघीतिघींना खरं काय ते सांगून पाहिलं. त्या तिच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. किती साधी सून आहे, म्हणाल्या.

गुरुजींनी रीतसर दूध उतू घालायला सांगितलं. छायालाच पुढे केलं. अंगावर जरीचं पातळ, समोर नवं पातेलं, मागे जिन्यापर्यंत माणसं. दूध तापलं, कडेला बुडबुडे धरले, मधून वर यायला लागलं. ते काठाशी आलं आणि छायाचा हात आपोआप पुढे गेला. तिने गॅस बंद केला. दूध खाली बसलं.

मागे हशा पिकला. "सवय हो बायकांची," कोणीतरी म्हणालं.

गोजराबाई पुढे आल्या. त्यांनी गॅस पुन्हा पेटवला आणि छायाचा हात आपल्या हातात धरून ठेवला. त्यांचा हात उबदार होता, झेंडूच्या माळा करून करून खरखरीत झालेला, आणि त्यात माया होती. दूध परत वर यायला लागलं. ते पुरतं सांडेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.